वक्रदंतोपचाराची निवड : प्रश्नांचा क्रम

वेडेवाकडे, पुढे आलेले अथवा एकमेकांवर चढलेले दात योग्य जागी आणणे आणि वरच्या व खालच्या दातांची मिळणी नीट बसविणे हे दंतवैद्यकाच्या ज्या शाखेचे कार्य, तिला ऑर्थोडॉन्टिक्स असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी वक्रदंतोपचार ही संज्ञा योजिली आहे. सामान्य बोलण्यात आपण तिला ‘दातांना तार लावणे’ असे म्हणतो, आणि या बोलण्यातच एका गैरसमजाचे मूळ आहे. कारण तार हे साधन आहे, उपचार नव्हे.

कोल्हापुरातील राजारामपुरी, शाहूपुरी या भागांतील दंतवैद्यांकडे मुलांना घेऊन येणारे पालक प्रथम जो प्रश्न विचारतात तो बहुधा साधनाविषयी असतो. तार धातूची लावावी की दातांच्या रंगाची? दातांच्या बाहेरून लावावी की आतून? की तारेऐवजी पारदर्शक साचे वापरावेत? हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांचा क्रम शेवटचा आहे. त्यांच्याआधी आणखी काही प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत, आणि ती मिळाली म्हणजे साधनाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. हा क्रम कोणता व तो तसाच का असावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कुटुंब कल्पू. गगनबावड्याकडील एका घरातील आई आपल्या दोन मुलांसह कोल्हापूरला दंतवैद्याकडे आली आहे. मुलगी बारा वर्षांची. तिचे वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आले आहेत. मुलगा आठ वर्षांचा. तोंड मिटले असता त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. आईचे वय पस्तीस. तिचे खालचे दात दाटीने वाकडे झाले आहेत व हिरड्यांतून रक्त येते. घरच्यांच्या मते मुलीची निकड मोठी, कारण तिच्या लग्नाचा विचार पुढे आहे. मुलाचे ‘सगळे दात येऊ देत, मग पाहू’. आणि आईचे काहीच नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा क्रम कितपत टिकतो ते पुढे दिसेल.

दात सरकतो कसा

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि सभोवतालचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ आवरण असते. दातावर हलका दाब सतत राहिला म्हणजे ज्या बाजूस आवरण दाबले जाते तेथील हाड विरघळू लागते, आणि ज्या बाजूस ते ताणले जाते तेथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात हाडातून वाट काढीत सरकतो. सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने १९०४ साली प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे या क्रियेचे वर्णन केले, आणि त्याचा गाभा आजही ग्राह्य आहे.

या क्रियेस स्वतःची गती आहे. ती सामान्यतः महिन्यास सुमारे एक मिलिमीटर इतकी असते. दाब वाढविल्याने ती त्या प्रमाणात वाढत नाही. उलट, दाब फाजील झाला तर आवरणातील रक्तप्रवाह खुंटतो, पेशी मरतात, दात काही काळ अडून राहतो आणि मुळाचे टोक झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो. म्हणून तार धातूची असो, चिनीमातीच्या तुकड्यांवरून नेलेली असो किंवा तिच्या जागी पारदर्शक साचा असो, आतील हाडास त्याचे सोयरसुतक नसते. त्याला फक्त दाबाचे प्रमाण, दिशा आणि अवधी कळतो. तार स्वतःच धरून ठेवणारी ब्रॅकेटे बाजारात आली तेव्हा त्यांनी उपचार लवकर संपतो असे सांगितले जाई. परंतु पुढे झालेल्या तौलनिक परीक्षणांतून कालावधीत तसा फरक दिसून आला नाही. ‘सहा महिन्यांत दात सरळ’ अशा आश्वासनाकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.

पहिला प्रश्न : दोष दातांचा की जबड्याचा, आणि वाढ किती उरली आहे

दात पुढे आलेले दिसतात याची कारणे दोन प्रकारची असू शकतात. कधी जबडे परस्परांशी प्रमाणात असून दातच पुढे झुकलेले असतात. कधी दात आपापल्या जबड्यावर ठीक असून खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. बाहेरून दोन्ही चेहरे सारखे वाटतात. त्यांतील भेद मोजून दाखविण्याचे साधन १९३१ साली हाती आले. त्या वर्षी अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोके ठराविक स्थितीत धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या चित्रावर रेषा व कोन मांडून दोष कोठे आहे ते ठरविता येते.

दोष जबड्याचा असेल, तर वाढीचा काळ हाच सर्वांत मोठा सहायक ठरतो. आणि तो एकदा गेला म्हणजे परत येत नाही. येथे आपल्या कल्पित कुटुंबातील दोन्ही मुलांच्या बाबतीत काळाचा हिशेब उलटा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुलीचा खालचा जबडा मागे असेल, तर तो पुढे धरून ठेवणारे साधन वापरता येते. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ पासून विकसित केलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे त्यांतील आज सर्वपरिचित होय. यास योग्य काळ म्हणजे शरीराच्या वेगवान वाढीचा. मुलींत तो साधारणतः बाराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. हाच उपचार आठव्या-नवव्या वर्षी सुरू केल्यास अधिक लाभ होईल, अशी समजूत पूर्वी बरीच प्रचलित होती. अमेरिका व ब्रिटन येथे चिठ्ठ्या टाकून मुलांचे गट पाडून प्रयोग करण्यात आले, तेव्हा असे आढळले की लवकर उपचार केलेल्या मुलांत पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण कमी राहते. परंतु अंतिम मिळणीच्या दृष्टीने किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारापेक्षा काही विशेष साधत नाही. अर्थात मुलीला उशीर झालेला नाही; ती नेमकी वेळेवर आली आहे.

मुलाची गोष्ट निराळी. त्याचा वरचा जबडा मागे राहिला असेल, तर कपाळ व हनुवटी यांचा आधार घेऊन तो पुढे ओढणारा मुखपट्टा लहानपणीच गुणकारी ठरतो. सुमारे दहाव्या वर्षानंतर त्याचा जबड्यावरील परिणाम उतरत जातो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या आतील मुलांवर झालेल्या अशा प्रयोगाचा सहा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढे जबड्याची शस्त्रक्रिया अवश्य ठरेल असे तज्ज्ञांनी मानलेल्या मुलांचे प्रमाण उपचार झालेल्या गटात ३६ टक्के, तर उपचार न झालेल्या गटात ६६ टक्के होते. याचा अर्थ मुखपट्ट्याने प्रत्येक मूल वाचते असा नव्हे. पण ‘सगळे दात येऊ देत’ या वाक्याची किंमत किती असू शकते हे त्यावरून समजते. ज्याला थांबविण्यात हरकत नाही असे घराला वाटत होते, तोच वास्तविक निकडीचा रुग्ण आहे.

वाढ संपल्यानंतर जबड्याचा दोष राहिलाच, तर दोन मार्ग उरतात. दोष सौम्य असल्यास दातच थोडे कलते करून तो झाकावा. मोठा असल्यास शस्त्रक्रियेने जबडा हलवावा. झाकण्याचा उपाय जेथे पुरणार नाही तेथे तो केल्यास दात हाडाच्या कडेशी जातात, हिरडी उतरते, आणि पुढे शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास सर्व दात प्रथम मूळ जागी परत न्यावे लागतात. म्हणून हा निर्णय उपचार अर्ध्यावर आल्यावर नव्हे, तर आरंभीच व्हावयास पाहिजे.

दुसरा प्रश्न : जागा किती हवी आणि ती कोठून आणावी

दाटी म्हणजे दातांच्या रुंदीची बेरीज आणि जबड्याच्या कमानीवरील उपलब्ध जागा यांतील तूट. ती मिलिमीटरमध्ये मोजता येते. तूट चार मिलिमीटरपर्यंत असेल तर दात काढण्याची गरज सहसा नसते. दहा किंवा त्याहून अधिक असेल तर ती सहसा असते. मधल्या पट्ट्यात निर्णय चेहऱ्याच्या ठेवणीवर अवलंबून राहतो. एक उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते; म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक काढल्यास कमानीत चौदा मिलिमीटर जागा होते. उलट पुढचे दात एक मिलिमीटर मागे न्यावयाचे तर दोन्ही बाजूंची मिळून दोन मिलिमीटर जागा खर्ची पडते. समजा, मुलीच्या वरच्या कमानीत सहा मिलिमीटर दाटी आहे. उपदाढा काढल्यावर ती दाटी मोडून आठ मिलिमीटर उरतील, आणि मागच्या दाढा जराही पुढे सरकल्या नाहीत तर पुढचे दात फार तर चार मिलिमीटर मागे जातील. इतका साधा हिशेब पालकांस कागदावर दाखविता येतो, आणि तो दाखविलाच पाहिजे. कारण काढलेला निरोगी दात परत बसविता येत नाही.

या प्रश्नावर शास्त्रात जो वाद झाला तो उद्बोधक आहे. आधुनिक वक्रदंतोपचाराचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या मिळणीचे वर्गीकरण केले, जे आजही शिकविले जाते. निसर्गाने दिलेले सर्व दात राखूनच उत्तम मिळणी व उत्तम चेहरा साधतो, असा त्यांचा आग्रह होता. कॅल्विन केस यांनी १९११ साली त्यास जाहीर विरोध केला. पण अधिकार अँगल यांच्या बाजूस होता. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपले रुग्ण ओठ पुढे आलेले व दात पुन्हा वाकडे झालेले आढळले. त्यांनी उपदाढा काढून त्या रुग्णांवर पुनश्च उपचार केले आणि १९४० च्या सुमारास दोन्ही वेळची फलिते व्यवसायबंधूंपुढे मांडली. ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग हेही अँगल यांचेच शिष्य. तेही वेगळ्या मार्गाने याच मताला आले. मग लंबक दुसऱ्या टोकास गेला. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या चिकित्सालयात दात काढून उपचार केलेल्या रुग्णांचे प्रमाण १९५३ साली ३० टक्के होते, ते १९६८ साली ७६ टक्क्यांवर गेले आणि १९९३ साली २८ टक्क्यांवर उतरले.

या आकड्यांवर संशोधकाने क्षणभर थांबावे. चाळीस वर्षांत मुलांचे जबडे असे फुगले-आकसले नव्हते. बदलले ते वैद्यांचे मत. म्हणून ‘आम्ही कधीच दात काढीत नाही’ आणि ‘दाटी म्हटली की चार दात काढावेच लागतात’ ही दोन्ही विधाने सारखीच अशास्त्रीय होत. निर्णय रुग्णाच्या मोजमापावरून व्हावा, वैद्याच्या पंथावरून नव्हे.

याला जोडून एक प्रश्न आपल्यापुरता विशेष महत्त्वाचा आहे. ओठ किती पुढे असावेत, पटाशीच्या दातांचा कोन किती असावा, याची जी प्रमाणे प्रथम ठरली ती मुख्यतः गोऱ्या अमेरिकन लोकांच्या चेहऱ्यांवरून. उत्तर भारतीयांच्या चेहऱ्यांची अशी मोजणी १९६९ साली राम नंदा व रवींद्र नंदा यांनी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून निरनिराळ्या प्रांतांतील लोकांविषयी असे अभ्यास होत आले आहेत. परक्या प्रमाणाने पाहिल्यास आपल्याकडील अनेक निकोप चेहरे ‘दोषयुक्त’ ठरतील आणि नको तेथे दात काढले जातील.

तिसरा प्रश्न : पाया निरोगी आहे काय

दात हिरडी व हाड यांच्या आधारानेच सरकतात. हिरड्यांस सूज व पू असता दाब दिला तर हाड विरघळते, पण पुन्हा भरून येत नाही. आईच्या बाबतीत म्हणूनच पहिला उपचार तारेचा नसून हिरड्यांचा आहे; आणि ती आपल्याकडील अनेक स्त्रियांप्रमाणे मिश्री लावीत असेल, तर ती सुटणे हा त्या उपचाराचा भाग आहे. वय मात्र आड येत नाही. निरोगी हिरड्या असतील तर चाळिशीतही दात सरकतात.

साधनाची निवड

एवढे ठरल्यावर साधनाचा प्रश्न उरतो, आणि आता तो सोपा झालेला असतो. दातांस चिकटविलेली धातूची ब्रॅकेटे व त्यांतून जाणारी तार हे साधन सर्व प्रकारच्या हालचालींस समर्थ, तुलनेने स्वस्त आणि रुग्णाच्या आठवणीवर सर्वांत कमी अवलंबून असते. चिनीमातीची ब्रॅकेटे कमी दिसतात. पण ती ठिसूळ असतात व खर्च वाढतो. जपानमध्ये फुजिता व अमेरिकेत कुर्झ यांनी १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेली आतल्या बाजूची तार मुळीच दिसत नाही. मात्र जिभेला ती बोचते, उच्चारांस काही काळ अडथळा होतो आणि वैद्याचे काम अवघड होते. काढता-घालता येणारी प्लेट दात फक्त कलता करू शकते. एखादा दात आडव्या चाव्यातून सोडविण्यास ती पुरेशी असते, गुंतागुंतीच्या दाटीस नव्हे. १९९९ पासून बाजारात आलेले पारदर्शक साचे सौम्य व मध्यम दाटीत चांगले काम देतात आणि जेवताना व दात घासताना काढता येतात; परंतु ते दिवसाचे वीस ते बावीस तास घालावे लागतात, आणि गोलसर दात फिरविणे, दात हाडाबाहेर ओढून आणणे किंवा मूळ सरळ उभे करणे यांत ते तारेपेक्षा उणे पडतात.

येथेच रुग्णाच्या स्थळ-परिस्थितीचा विचार येतो, आणि तो गौण समजू नये. तारेचा उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतो व दर चार ते आठ आठवड्यांनी दाखवावे लागते. म्हणजे पंधरा-वीस खेपा. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर आहे, खेपेगणिक एस.टी.चे भाडे, शाळेचा एक दिवस आणि बरोबरच्या माणसाचा रोजगार जातो. हा खर्च दंतवैद्याच्या बिलात दिसत नाही, पण उपचार अर्धवट सुटण्याचे कारण अनेकदा तोच असतो. चंदगडच्या रुग्णास बेळगाव जवळ पडते. हातकणंगले तालुक्यात नवे पारगाव येथे दंतमहाविद्यालय आहे, तसेच सांगलीलाही आहे. शेवटपर्यंत नियमाने जाता येईल असे ठिकाण निवडणे हाही उपचाराच्या निवडीचाच भाग होय. अर्धवट सोडलेला उपचार मूळ दोषापेक्षा वाईट ठरू शकतो. दात काढून झालेले असतील तर विशेषच.

आहार व खेळ यांचेही तसेच. ऊस दातांनी सोलणे, सुपारी फोडणे, फुटाणे चावणे यांनी ब्रॅकेटे निघतात. गूळ-काकवीचा चिकट अंश ब्रॅकेटांभोवती राहिला व नीट घासला गेला नाही तर दातांवर पांढरे डाग पडतात, आणि ते तार निघाल्यावरही राहतात. ज्या शहरातील फुटबॉल-संघ तालमींच्या नावाने खेळतात आणि जेथे आखाडे अजून घुमतात, तेथे मुलगा मैदानावर जातो काय हे विचारणे अवश्य आहे. जात असल्यास तारेवर बसणारे मऊ दंतरक्षक द्यावे लागते.

उपचारानंतर

सरळ झालेले दात सरळ राहतीलच असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांची, दात धरून ठेवणारे साधन बंद झाल्यावर दहा वर्षांनी तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी निघाले. म्हणून तार काढल्यानंतर रिटेनर दीर्घकाळ, बहुधा रात्री नित्य, वापरावा लागतो. ही गोष्ट तार काढण्याच्या दिवशी नव्हे, तर ती लावण्यापूर्वी सांगितली गेली पाहिजे. कारण जे रुग्ण रिटेनर वापरणार नाहीत त्यांच्यासाठी उपचाराचे उद्दिष्टच वेगळे ठरेल.

समारोप

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. मुलगा आठ वर्षांचा. त्याचा वरचा जबडा मागे असल्यास उपचार याच वर्षी. मुलगी बारा वर्षांची. दोष जबड्याचा असल्यास ट्विन ब्लॉक आता, नंतर तार. दोष दातांचाच असल्यास घाई नाही, पण जागेचा हिशेब आधी. आईचे प्रथम हिरड्यांचे उपचार, मग इच्छा असल्यास सौम्य दाटीपुरते कोणतेही परवडणारे साधन. आणि काहीच न करणे हाही तिच्या बाबतीत सन्मान्य पर्याय आहे. घरून निघताना असलेला क्रम असा पार बदलला, आणि तो बदलण्यास तारेच्या प्रकाराची चर्चा कोठेही उपयोगी पडली नाही.

हे ज्ञान दंतवैद्यापुरते राहून भागणार नाही. आठ वर्षांच्या मुलाचे खालचे दात पुढे येतात, ही गोष्ट शाळेतील शिक्षकाला किंवा २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-पथकाला नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. त्यासाठी क्ष-किरण लागत नाही. विद्यापीठातील संशोधकांपुढेही येथे काम पडलेले आहे. आपल्या जिल्ह्यातील मुलांचे चेहरे कोणत्या प्रमाणाचे आहेत, ती कोणत्या वयात दंतवैद्यापर्यंत पोहोचतात आणि उपचार किती जण पुरा करतात, हे मोजण्याजोगे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे येथल्या नोंदींतून मिळू लागली, म्हणजे ‘तार कोणती लावावी’ या प्रश्नाला त्याची योग्य जागा आपोआप प्राप्त होईल.